अंगातली कणगी

एखाद्या सडपातळ माणसाविषयी आपल्याकडे सहज बोलले जाते, "काटक गडी आहे. अंगावर मूठभर मांस नाही, त्याला कसली आलीय साखर!" मधुमेह हा लठ्ठ माणसाचा, गादीवर बसून खाणाऱ्याचा रोग, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. मी काही वैद्य नव्हे, कॉलेजात शिकवणारा मास्तर माणूस. परंतु ही समजूत किती महाग पडते ते मी घरात पाहिले, आणि मग ह्या विषयावर जे वाचले, समजून घेतले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

माझे एक मामा होते. १९७२ च्या दुष्काळात सातारा जिल्ह्यातले गाव सोडून ते मुंबईस आले आणि पवईला दगडाच्या खाणीवर कामास लागले. त्या वेळी पवई म्हणजे तलाव, डोंगर आणि खाणी. पुढे तिथे उंच उंच इमारती उठल्या. मामांच्या हातची पहार गेली आणि त्यांना एका इमारतीच्या फाटकाशी राखणदाराची खुर्ची मिळाली. अंगाने ते शेवटपर्यंत वाळलेलेच. वजन ५२ किलो. दिवसाला सहा-सात कप गोड चहा, वडापाव आणि बारा तासांची बैठक. एकदा चपलेने पायाच्या अंगठ्याला फोड आला. तो भरेना. मी म्हणालो, "मामा, साखर तपासून घ्या." ते हसले. "अरे, साखर श्रीमंताघरची. माझ्याकडं बघ तरी, हाडाला कातडं चिकटलंय!" तपासणी झाली तेव्हा उशीर झाला होता. पायाची तीन बोटे गेली. त्यानंतर मामी एकच प्रश्न मला वारंवार विचारत, "त्यांच्या अंगात तर काहीच नव्हतं रे, मग ही साखर आली कुठून?"

मामींच्या ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या एका डॉक्टरांनी आपले आयुष्य घातले आहे. त्यांचे नाव डॉ. चित्तरंजन याज्ञिक. ऑक्सफर्ड येथे संशोधन करून ते पुण्यास परत आले आणि के. ई. एम. रुग्णालयात मधुमेहाचे रोगी तपासू लागले. इंग्रजी ग्रंथांत लिहिलेले होते की, हा रोग उतारवयात आणि स्थूल माणसाला होतो. समोर बसलेले रोगी तर तरुण आणि बारीक! आता ग्रंथ खरा मानायचा की समोरचा रोगी? याज्ञिकांनी रोग्याकडे पाहिले आणि ग्रंथाला प्रश्न विचारला. शिक्षक मित्रहो, ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे.

२००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापले गेले. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक आपले याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती ह्याचा जो आकडा डॉक्टर काढतात, ज्याला बी.एम.आय. म्हणतात, तो दोघांचाही अगदी एकच होता, २२.३. म्हणजे तराजूच्या हिशोबाने दोघेही सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आता बघा, दोघांचे वजन आपण ६० किलो धरले, तर एकाच्या अंगात साधारण साडेपाच किलो चरबी आणि दुसऱ्याच्या अंगात पावणेतेरा किलो. सोबतच्या मजकुरात त्यांनी कारणांचाही अंदाज दिला आहे. युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे. याज्ञिकांनी स्वतःविषयी विनोदाने म्हटले आहे की, आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत जाऊन ते गाठणे! पण त्याच ठिकाणी एक गंभीर गोष्टही नोंदवली आहे, ती अशी की, याज्ञिकांचे जन्माच्या वेळचे वजन कमी होते. ह्या नोंदीकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

तत्पूर्वी चरबी म्हणजे काय ते पाहू. आपण शेतकरी आहोत, तेव्हा कणगीचे उदाहरण घेऊ. सुगी झाली की धान्य आपण कणगीत भरतो आणि पुढे वर्षभर त्यातून काढून खातो. चरबी ही अंगातली कणगी आहे. खाल्लेले अन्न खर्चून उरले की ते मेदाच्या रूपाने साठवले जाते. साठवणीला मेद फार सोयीचा. एक ग्रॅम साखरेतून किंवा पिठातून सुमारे ४ कॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम मेदातून ९. थोड्या जागेत अधिक माल मावतो. उपासमारीत, आजारपणात, बाळाला पाजताना ही कणगीच आपल्याला तारते.

पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटे की, चरबी म्हणजे नुसते कोठार, मुके आणि निर्जीव. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन नावाचा पदार्थ शोधून काढला आणि ही कल्पना बदलली. लेप्टिन तयार होते चरबीत आणि रक्तातून जाते मेंदूकडे. "कोठारात माल किती आहे," हा निरोप ते मेंदूला देते. म्हणजे आपली कणगी बोलते, बरं का! पुढे चरबीतून निघणारे असे आणखी पुष्कळ पदार्थ सापडले. काही इन्सुलिनच्या कामाला हातभार लावतात, तर काही त्यात विघ्न आणतात. इन्सुलिन हा स्वादुपिंडात तयार होणारा रस. रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत शिरावी ह्यासाठी तो लागतो. हा रस कमी पडला किंवा शरीर त्याचे ऐकेनासे झाले, की साखर रक्तातच साठू लागते. हाच मधुमेह.

मग चरबी ही शत्रू समजायची काय? तसे नव्हे. जगात थोडी माणसे अशी जन्मतात की, त्यांच्या अंगात चरबीच जवळजवळ नसते. आपल्याला वाटेल, ती मधुमेहापासून सुटली. प्रत्यक्षात त्यांना फार कठीण प्रकारचा मधुमेह जडतो. कारण काय? कणगीच नाही, तेव्हा धान्य ओतायचे कुठे? मग ते चुलीजवळ, गोठ्यात, माजघरात, जिथे मिळेल तिथे पसरते. शरीरात ते यकृतात साचते, स्नायूंत साचते, आणि तिथली कामे बिघडवते.

इथे आपल्या लोकांचे दुखणे कळते. कातडीखालची चरबी ही घरातली जागच्या जागी उभी असलेली कणगी. ती त्या मानाने निरुपद्रवी. परंतु ती लवकर भरली आणि वरून येणारा माल थांबला नाही, तर उरलेली चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे आपण रोज पाहतो. त्यांना कोणी लठ्ठ म्हणत नाही. तराजूही म्हणत नाही. पण आत मात्र माल वाटेल तिथे सांडलेला असतो. आणि साखर जाळून टाकणारा जो स्नायू, तो ह्या देहात आधीच थोडा. अंगावर मांस नाही म्हणून मामा स्वतःला सुरक्षित समजत होते. खरे पाहता मांस नाही, हीच चिंतेची गोष्ट होती.

आता प्रश्न असा की, देहाची ही ठेवण येते कुठून? ह्याचा माग काढण्यासाठी १९९३ साली याज्ञिक व त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत गेले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचा खेड्यांशी संबंध जुना. डॉ. बानू कोयाजी यांनी वढू येथे ग्रामीण आरोग्याचे मोठे काम उभे केले होते. ह्या सहा गावांत कार्यकर्त्या दर महिन्यास विवाहित स्त्रियांच्या घरी जात आणि पाळीची तारीख लिहून घेत, म्हणजे दिवस गेले की लगेच कळावे. गरोदर बाई काय खाते, किती पाणी वाहते, शेतात किती राबते, सगळे टिपले गेले. बाळ जन्मले की त्याचे वजन, लांबी, डोके, दंड, पोट मोजायचे आणि लहानशा चिमट्याने पाठीवरच्या कातडीची घडी धरून तिची जाडी घ्यायची.

ही मापे इंग्लंडातल्या साउदम्पटन येथील बाळांच्या मापांशी ताडून पाहिली. पुण्याकडची ६३१ बाळे, तिकडची ३३८. आपल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, त्यांच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे प्रत्येक मापात लहान होती, पण सारख्या प्रमाणात लहान नव्हती. पोटाचा घेर आणि दंड फारच लहान, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू कमी. पाठीच्या कातडीची घडी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच! गर्भात टंचाई पडली तेव्हा निसर्गाने स्नायूंत काटकसर केली, अवयवांत काटकसर केली, पण चरबी राखली. दुसऱ्या एका अभ्यासात लंडनच्या बाळांशी तुलना केली, तेव्हा वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन अधिक निघाले. २००३ साली ह्या बाळाचे जे वर्णन छापले गेले त्याचा अर्थ असा : हे बाळ बारीक आहे आणि मेदयुक्तही आहे. मामींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. साखरेची तयारी खुर्चीवर बसण्याच्या कितीतरी आधी, आईच्या पोटात, टंचाईच्या दिवसांत झालेली असते. खुर्ची, गोड चहा आणि वडापाव हे त्यानंतरचे निमित्त.

ह्या विचाराला बळ दिले ते इंग्लंडचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी. तिकडे हर्टफर्डशर नावाच्या परगण्यात १९११ पासून परिचारिका एक साधे काम नेमाने करीत. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन वहीत लिहायचे, वर्षाने पुन्हा वजन करायचे आणि लिहायचे. त्या वह्या कित्येक वर्षे धूळ खात पडल्या होत्या. बार्करांनी त्या उघडल्या आणि ती बाळे म्हातारपणी कशाने दगावली ते शोधले. कमी वजनाने जन्मलेल्यांत हृदयरोगाचे मृत्यू अधिक दिसले. पुढे मधुमेहाचेही तसेच आढळले. त्या परिचारिकांना आपण केवढे काम करून ठेवले ह्याची कल्पनाही नसेल. वहीची किंमत अशी असते.

आता कोणी म्हणेल, "मग काय, बाळ लहान झालं तर त्याला भरपूर खाऊ घालू, गुटगुटीत करू." सावकाश. १९९९ साली डॉ. आशिष बावडेकर, याज्ञिक आदींनी पुण्यात जन्मलेली ४७७ मुले आठ वर्षांची झाल्यावर तपासली. जी जन्मतः लहान होती आणि आठव्या वर्षी मोठी, वजनदार झाली होती, त्यांच्यात धोक्याच्या खुणा सर्वांत जास्त होत्या. लहान रोपाला एकदम खताची पाटी ओतली तर काय होते ते तुम्हांस ठाऊक आहे. बाळाला आईचे दूध हवे, पुढे चौरस अन्न हवे, खेळायला अंगण हवे. बिस्किटे आणि गोड पेये घालून अंगावर चरबी चढते. स्नायू काही चढत नाही.

तेव्हा काम सुरू करायचे ते आईपासून. ह्या सहा गावांत एक मोठी विचार करण्यासारखी गोष्ट दिसली. आईने एकूण भाकरी-भात किती खाल्ला ह्याचा बाळाच्या आकाराशी विशेष संबंध आढळला नाही. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे मोठी होती. ज्या आया गरोदरपणी अतिशय कष्ट करीत, त्यांची बाळे लहान होती. रक्त तपासले तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक स्त्रियांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले. ते वनस्पतीत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस ह्यांतून मिळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे होते की, ज्या आयांत बी-१२ कमी पण फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत अधिक. दोन बैलांपैकी एकालाच चारा घातला तर औत सरळ कसे चालणार?

मात्र दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे लगेच म्हणता येत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो. तसा प्रयोग आपल्या मुंबईतच झाला. डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने २००६ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या ६,५०० हून अधिक स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्याला साध्या भाज्यांचा, आणि तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. निकाल काय लागला? सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर बाळांच्या वजनात निश्चित म्हणावा असा फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्यापूर्वी किमान तीन महिने तो खाऊ घेतला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. आणि गरोदरपणात होणारा मधुमेह, जो साध्या खाऊच्या गटात शंभरांत १२.४ जणींना झाला, तो पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ जणींनाच झाला. ४८ ग्रॅम म्हणजे फार नव्हे, हे मी मान्य करतो. परंतु धडा स्पष्ट आहे : डोहाळे लागल्यावर डिंकाचे लाडू करणे चांगलेच, पण जमीन पेरणीआधी तयार करावी लागते.

ती किती आधी? डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक व सहकाऱ्यांनी २०१५ साली उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न दिले, तरी त्यांच्यातली मधुमेहाची प्रवृत्ती गेली नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. तरीही दुष्काळ संपला म्हणून त्याचा अंगावरचा परिणाम लगेच संपत नाही, एवढा बोध त्यातून घेता येईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि खेड्यांतही शंभर प्रौढांत सुमारे ९. पाणी पंपाने येते, पीठ गिरणीतून येते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते. कष्ट हलके झाले ही आनंदाचीच गोष्ट. पण टंचाईसाठी घडलेल्या देहात आता माल भराभर येऊन पडतो आहे.

तर श्रोतेहो, करायचे काय? तराजूवर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आसपास, आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली, तर सडपातळ असलात तरी आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून घ्या. घरात आईबापांपैकी कोणास मधुमेह असेल, तर मापाची वाट पाहू नका. रोज चाला, आणि अंगमेहनतही करा, म्हणजे स्नायू राहतील. आणि पायाची जखम आठवड्यात भरली नाही, तर हसण्यावारी नेऊ नका.

दुसरी गोष्ट घरातल्या पंगतीची. आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली आणि शेवटी उरलेसुरले सुनेला, हा रिवाज अजून पुष्कळ घरांत आहे. दूध डेअरीला जाते, अंडी बाजाराला जातात, आणि जिच्या पोटी उद्याचे बाळ वाढायचे ती चहात भाकरी बुडवून उठते. सासूबाई, मामंजी, हा रिवाज तुम्हीच मोडू शकता. सुनेच्या आणि मुलीच्या ताटात पालेभाजी आणि वाटीभर दही आधी वाढा. गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा दुसऱ्याने उचला. नातवाच्या साठाव्या वर्षीची तब्येत तुम्ही आज राखता आहात.

शिक्षक मित्रहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. वर्षातून दोनदा मुलामुलींची उंची आणि वजन मांडा, आणि वही सांभाळून ठेवा. बारीक मुलीला चिडवू देऊ नका, जाड मुलाला चिडवू देऊ नका, कारण बाहेरून दिसते तेच खरे असे नाही, हे आपण आताच पाहिले. आणि पालकसभेत एवढे सांगा की, बाळाच्या जन्माच्या वजनाचे कार्ड रद्दीत घालू नका. सातबाराचा उतारा जसा आपण पेटीत तळाशी घडी करून जपतो, तसे हे कार्ड जपा. जमिनीचा उतारा जमिनीची हकीकत सांगतो, हे कार्ड देहाची हकीकत सांगते.

माझ्या मामांचे असे कार्ड कोणी लिहिलेच नव्हते.